कचरा कमी करण्याच्या नागरिकगटात स्वयंसेवक होताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कोथरूड परिसरात काम करणाऱ्या आमच्या नागरिकगटाकडे नवे स्वयंसेवक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी जे प्रश्न सतत पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. संकलनाच्या व्यवस्थेविषयीची माहिती पुण्याची आहे. इतर शहरांतील वाचकांनी आपल्याकडे कचरा कोण उचलते आणि कोणत्या रीतीने उचलते, याची चौकशी आधी करावी.

१. गटात येण्यासाठी काय लागते? काही शुल्क किंवा प्रशिक्षण आहे का?

शुल्क नाही आणि शिक्षणाची अटही नाही. पहिल्या वेळी फक्त सोबत यावे, काम पाहावे आणि मगच ठरवावे. आठवड्यातून दोन तास नियमितपणे देणारी व्यक्ती आम्हाला महिन्यातून एकदा पूर्ण दिवस देणाऱ्या व्यक्तीपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण इमारतीतील लोकांशी ओळख होण्यासाठी तोच चेहरा पुन्हापुन्हा दिसावा लागतो.

२. स्वयंसेवकाला प्रत्यक्षात काय करावे लागते? रस्ते झाडावे लागतात का?

रस्ते झाडण्याच्या मोहिमा आम्ही क्वचित घेतो. आमचे काम घराच्या उंबरठ्यावर चालते. एखाद्या इमारतीने तयारी दाखवली की तेथील स्वयंसेवक सुरुवातीचे काही आठवडे सकाळी कचरावेचक ताईंच्या सोबत मजल्यामजल्यावर जातात. दारात ठेवलेला डबा उघडल्यावर चहाच्या चोथ्यात दुधाची पिशवी दिसली, तर ती त्याच क्षणी, घरातील माणसासमोर, बाजूला काढून दाखवली जाते. छापील पत्रक वाटून जे होत नाही ते या अर्ध्या मिनिटात होते, असा आमचा अनुभव आहे. त्याखेरीज खताच्या हौदांवर फेरी मारणे, पालापाचोळ्याची देवघेव जुळवून देणे, ई-कचऱ्याचे संकलन आणि गणेशोत्सवात घाटावर निर्माल्य स्वीकारणे ही कामे असतात.

३. आम्ही महापालिकेला कर भरतो. मग हे काम नागरिकांनी का करायचे?

कचरा वाहून नेणे आणि त्यावर प्रक्रिया करणे ही महापालिकेची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडली जात नसेल तर तसे ठणकावून सांगणेही आमच्याच कामाचा भाग आहे. परंतु ओले आणि सुके वेगळे ठेवणे हे एकच काम असे आहे की ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीच होऊ शकते. एकदा भाजीची देठे, उरलेली आमटी आणि वर्तमानपत्र एका पिशवीत गेले की कागद भिजतो, प्लॅस्टिक बरबटते, ओला भाग हवेविना कुजू लागतो आणि पुढे कितीही महागडे यंत्र बसवले तरी त्यातून चांगले खतही निघत नाही आणि चांगला पुठ्ठाही निघत नाही. असा मिसळलेला कचरा पुण्याने वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे नेऊन टाकला. तेथील विहिरींचे पाणी खराब झाले, कचऱ्याच्या ढिगांना आगी लागल्या आणि ग्रामस्थांना गाड्या अडवून आंदोलने करावी लागली. आपल्या घरातून बाहेर गेलेली पिशवी कोणाच्या तरी गावात जाऊन पडते, हे त्या गावांनी पुण्याला मोठी किंमत मोजून शिकवले आहे, आणि त्याची जाणीव ठेवणे आपले कर्तव्य आहे.

४. आमच्याकडे रोज येणाऱ्या ताई महापालिकेच्या नोकरीत आहेत का?

बहुतेक ठिकाणी नाहीत. कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना पुण्यात १९९३ साली उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांचे तिला मोठे पाठबळ होते. त्याच संघटनेच्या कामातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ साली महापालिकेशी करार करून तिने घरोघरचे संकलन सुरू केले. संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे आणि त्यांत बहुसंख्य महिला आहेत. त्यांना महापालिकेकडून मासिक वेतन मिळत नाही. घराघरांतून मिळणारे सेवाशुल्क आणि सुक्या कचऱ्यातील विकता येण्याजोग्या वस्तू या दोन गोष्टींवर त्यांचे घर चालते. पुढील प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी ही माहिती आवश्यक आहे.

५. स्वयंसेवकांनी सुका कचरा गोळा करून विकला, तर कचरावेचकांच्या पोटावर पाय येत नाही का?

येतो, आणि म्हणूनच आम्ही तो विकत नाही. गटात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली जाते. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे, जर्मनची जुनी भांडी यांना भंगाराच्या दुकानात भाव आहे. उत्साहाने स्थापन झालेले काही गट हाच भाव असलेला माल आधी उचलतात, त्याच्या विक्रीतून झाडे लावतात किंवा वह्या वाटतात, आणि ज्या ताई रोज जिने चढतात त्यांच्या वाट्याला चिप्सची पाकिटे आणि डायपर उरतात. हेतू कितीही चांगला असला तरी ही दुसऱ्याच्या मजुरीतून केलेली समाजसेवा आहे, आणि आम्हाला ती मान्य नाही.

आमची पद्धत अशी आहे : इमारतीत गोळा झालेला सर्व सुका माल तेथील कचरावेचकांचा. स्वयंसेवकांनी तो नीट वेगळा करून, कोरडा ठेवून, शक्य तर सावलीत वर्गवारीसाठी जागा मिळवून द्यावी. सोसायटीकडून एखादी छोटी शेड, हात धुण्यासाठी नळ आणि स्वच्छतागृहाची परवानगी मिळाली, तर आम्ही ते त्या महिन्यातले सर्वांत मोठे काम समजतो. घरची रद्दी मात्र ज्याची त्याने कोणाला द्यायची ते ठरवावे. अनेक घरांत रद्दीवाल्याशी वर्षानुवर्षांचा व्यवहार असतो आणि तोही कष्टाचाच आहे.

६. नेमके काय ओले आणि काय सुके? काही वस्तूंबाबत आमच्या घरी वाद होतात.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी घरच्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. डायपर आणि सॅनिटरी पॅड यांची व्यवस्था वेगळी करावयाची (प्रश्न ८). सोपे नियम सर्वांना ठाऊक असतात, त्यामुळे वादाच्या वस्तूंविषयीच लिहितो.

नारळाची करवंटी आणि शेंडी, आंब्याची कोय व शहाळे हे सर्व ओल्या वर्गात मोडते, पण घरच्या खताच्या कुंडीत ते महिनोन्‌महिने तसेच राहते. म्हणून ते वेगळे ठेवून द्यावे. तेलकट किंवा खरकटा कागद ओल्यात टाकावा, कारण कागद गिरणीला तो चालत नाही. दुकानातील गुळगुळीत बिलाचा कागद रसायनाचा थर असलेला असतो. तो रद्दीतही घालू नये आणि खतातही घालू नये. ताक किंवा फळांच्या रसाचे कागदी खोके कागद, प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम यांच्या थरांचे असते; ते विसळून, चपटे करून सुक्यात द्यावे. चहाच्या पुरचुंडीची (टी-बॅगची) पिशवी पुष्कळदा प्लॅस्टिकच्या धाग्याची असते, म्हणून ती फाडून चहा ओल्यात व पिशवी सुक्यात टाकावी. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर ठळक अक्षरांत 'काच' असे लिहून हातात द्यावी, डब्यात टाकू नये.

७. सुका कचरा धुऊन द्यायचा म्हणजे पाणी वाया घालवणे नव्हे का?

भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात विसळले तरी पुरते. चकाचक करण्याची गरज नाही. दुधाच्या पिशवीचे उदाहरण घ्यावे. ती एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची असते, त्यामुळे तिचा पुनर्वापर चांगला होतो. पण न विसळलेली पिशवी दुसऱ्याच दिवशी आंबते आणि तिच्यासोबतच्या सगळ्या गोणीला वास लागतो. पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये, चीर देऊन तो तसाच लटकत ठेवावा. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही आणि शेवटी गटारात किंवा मातीत जातो. विसळलेली पिशवी ओट्याच्या भिंतीला पालथी चिकटवून ठेवली की संध्याकाळपर्यंत कोरडी होते.

८. सॅनिटरी पॅड आणि डायपर कसे द्यावेत? याविषयी घरात बोलणेही अवघड जाते.

वापरलेली वस्तू घडी करून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावी, त्यावर लाल रंगाचा ठसठशीत ठिपका काढावा आणि ती ओल्या व सुक्या दोन्ही डब्यांपासून वेगळी द्यावी. 'स्वच्छ'ने पुण्यात चालवलेल्या 'रेड डॉट' मोहिमेची हीच पद्धत आहे. ठिपका दिसला की पुडी उघडून पाहण्याची वेळ येत नाही, इतका साधा त्यामागचा विचार आहे. काळ्या पिशवीत बांधून देणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण आत काय आहे हे कळण्यासाठी ती पिशवी कोणाला तरी हातांनी सोडावी लागते. आजारी माणसासाठी लागणारे मोठे डायपर, जखमेच्या पट्ट्या आणि कापूस यांनाही हीच रीत लागू आहे. घरातील पुरुषांनी हा लाल ठिपका काढण्याची जबाबदारी घेतली, तर अवघडलेपण लवकर जाते, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

९. आम्ही वेगळा करून देतो, पण खाली गाडीत सगळे एकत्रच टाकतात. मग उपयोग काय?

हा आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यामागची निराशा खरी आहे. आधी प्रत्यक्ष पाहावे. पुष्कळदा गाडीला दोन कप्पे असतात आणि लांबून ते दिसत नाहीत. कधी वरच्या गोण्यांमध्ये सुका माल बांधलेला असतो. तरीही एकत्रच टाकले जात असेल, तर दोन कारणे संभवतात. एक, इमारतीतील निम्म्या घरांचा कचरा मिसळलेला येतो आणि वेळ कमी असल्याने उरलेल्यांचाही त्यातच जातो. हे आपल्या हातातील आहे. दोन, गाडीच तशी पाठवलेली असते. अशा वेळी वार, वेळ, ठिकाण आणि गाडीचा क्रमांक लिहून क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. गाडीवरील मजुराशी वाद घालू नये. गाडी कोणती पाठवायची हे तो ठरवत नाही.

ओला कचरा इमारतीतच जिरवला, तर या प्रश्नाचा अर्धा भाग उरतच नाही, कारण मग खाली जाणारा सगळा कचरा कोरडाच असतो. त्यासाठी पुढील उत्तर पाहावे.

१०. सोसायटीत खताचा हौद केला, पण वास येतो आणि अळ्या झाल्या. बंद करावा का?

बंद करू नये. वास हा दोष ओळखण्याची खूण आहे आणि तो दूर करता येतो. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, कर्ब (कार्बन) कमी असतो. जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण पंचवीस-तीसास एक या प्रमाणात मिळाले आणि हवा खेळती राहिली, की कुजण्याची क्रिया वासाशिवाय होते. नाक झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाले आहे असे समजावे. सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोहोचत नाही. दोन्हींवर उपाय एकच : कोरडा पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून ढीग तळापासून वरखाली करणे. नवा ओला कचरा टाकला की त्यावर कोरड्या पाल्याचा थर अंथरलाच पाहिजे. मूठभर मिश्रण हातात घेऊन पिळावे. बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे; धार लागली तर पाला वाढवावा; हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडावे.

अळ्यांविषयी भीती अधिक आणि माहिती कमी असते. तांबूस-राखाडी, जाड, खडबडीत अंगाच्या ज्या अळ्या दिसतात त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी अन्नावर बसत नाही, रोग पसरवत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा फार झपाट्याने खाऊन टाकतात. ओल कमी केली आणि वर पाल्याचा थर ठेवला की त्या आपोआप घटतात. कीटकनाशक मात्र कधीही फवारू नये. त्याने खत करणारे जिवाणूही मरतात.

गारेगार ढीग म्हणजे काम थांबलेला ढीग. चांगल्या चालणाऱ्या मोठ्या हौदात मध्यभागी तापमान पन्नास अंशांच्या वर जाते. लोखंडी सळई दहा मिनिटे खुपसून बाहेर काढली तर ती हाताला चांगलीच गरम लागते. आमचे स्वयंसेवक फेरीवर जाताना सळई सोबत नेतात ती यासाठीच. दीड-दोन महिन्यांत गडद, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचे खत तयार होते.

११. प्रत्येक सोसायटीला खत प्रकल्प बंधनकारक आहे का?

२०१६ च्या नियमांनुसार दिवसाला सरासरी शंभर किलोंहून अधिक कचरा निर्माण करणारी सोसायटी, हॉटेल किंवा संस्था मोठ्या प्रमाणात कचरा निर्माण करणारी ठरत होती आणि तिने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणे अपेक्षित होते. लहान इमारतींवर तसा भार त्या नियमांत नव्हता, पण पुणे महापालिका असा प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. प्रकल्प प्रत्यक्ष चालू असला तरच ती टिकते. कागदोपत्री उभ्या असलेल्या हौदासाठी आमचा गट कोणतेही पत्र देत नाही.

१२. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ फार होते. पालापाचोळा जाळला तर काय बिघडते?

जाळणे बेकायदा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावरील कचऱ्यासाठी पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. कायदा बाजूला ठेवला तरी सकाळच्या थंड हवेत तो धूर जमिनीलगत साचतो आणि दमेकऱ्यांना व लहान मुलांना त्याचा त्रास होतो. शिवाय प्रश्न १० वाचलेल्यांच्या लक्षात येईल की ज्या पाल्याला एक इमारत काडी लावते, त्याचीच शेजारच्या इमारतीच्या हौदाला गरज असते. पानगळीत पाला गोण्यांत भरून कोरड्या जागी साठवावा. पावसाळ्यात तो सोन्याच्या मोलाचा होतो. कोणाकडे जास्त आहे आणि कोणाला हवा आहे, एवढे आम्हाला कळवले की स्वयंसेवक गाठ घालून देतात.

१३. चिप्सची पाकिटे आणि 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या यांचे काय करावे?

चिप्स, बिस्किटे, शाम्पूच्या पुड्या यांची वेष्टने प्लॅस्टिक व धातूच्या अनेक थरांची असतात. हे थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. ती कोरडी ठेवून सुक्यात द्यावीत, परंतु खरा उपाय खरेदी कमी करण्याचाच आहे. 'कंपोस्टेबल' पिशवी योग्य तापमानाच्या औद्योगिक प्रकल्पात विघटित होते. घरच्या कुंडीत ती दीर्घकाळ तशीच राहते आणि प्लॅस्टिकच्या मालात मिसळली तर तो माल बिघडवते. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर ताटे, पेले, स्ट्रॉ यांसारख्या एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. बंदीच्या पिशवीला पर्याय म्हणून दुसरी फेकण्याची पिशवी आणण्यापेक्षा दाराच्या खुंटीला कापडी पिशवी अडकवून ठेवावी.

१४. जुने मोबाइल, बॅटऱ्या, बल्ब आणि मुदत संपलेली औषधे कोठे द्यावीत?

मोबाइल, वायरी व उपकरणे आमच्या संकलनाच्या दिवशी आणावीत. ती अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच जातात. देण्यापूर्वी फोनमधील माहिती पुसून सिमकार्ड काढून घ्यावे. लिथियम बॅटरी सुक्या कचऱ्यात कधीही टाकू नये, कारण दाबली गेल्यास ती पेट घेते आणि गाडीतील कागदाला आग लागू शकते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी आणावी. ट्यूबलाइट आणि सीएफएल बल्बमध्ये पारा असतो, म्हणून ते न फोडता मूळ खोक्यात द्यावेत. औषधे बेसिनमध्ये किंवा शौचालयात ओतू नयेत. ती घरगुती घातक कचऱ्यात मोडतात.

१५. निर्माल्य आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती यांविषयी गटाची भूमिका काय आहे?

श्रद्धेचा मान राखून आम्ही हे काम करतो. निर्माल्यातील दोरा, प्लॅस्टिकची फुले, कापूर-उदबत्तीची पाकिटे घाटावरच बाजूला काढली जातात आणि फुले-पत्री खतासाठी जाते. या कामावर येणाऱ्या स्वयंसेवकांनी निर्माल्य पायाखाली येऊ देऊ नये आणि देणाऱ्याकडून ते दोन्ही हातांनी घ्यावे, अशी आमची विनंती असते.

शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करता येते आणि तीच माती पुन्हा वापरता येते. प्लास्टरच्या मूर्तीसाठी पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत विकसित केली असून महापालिका हा पदार्थ उत्सवात नागरिकांना उपलब्ध करून देत आली आहे. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याच्याशी अभिक्रिया होऊन तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत राहते, जे भरपूर पाणी घालून झाडांना देता येते. अमोनियाचा वास येत असल्याने बादली गच्चीत किंवा अंगणात ठेवावी आणि मिश्रण अधूनमधून ढवळावे.

१६. काम करताना सुई टोचली किंवा काच लागली तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, दाबून रक्त काढू नये, आणि सुई असेल तर थांबून न राहता थेट रुग्णालय गाठावे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे शक्य तितक्या लवकर, आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बीची लस याविषयी डॉक्टरांना विचारावे. जाड हातमोजे व बंद बूट यांशिवाय वर्गवारीच्या टेबलाजवळ कोणालाही उभे राहू दिले जात नाही; अठरा वर्षांखालील मुलांना हे काम दिलेच जात नाही, त्यांच्यासाठी पाला गोळा करणे आणि घरोघरी माहिती देणे ही कामे आहेत. घरी इन्सुलिनच्या सुया वापरणाऱ्यांनी त्या झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवाव्यात आणि डब्यावर तसे लिहून वेगळ्या द्याव्यात.

१७. महाविद्यालयासाठी प्रमाणपत्र मिळेल का?

मिळेल, पण केलेल्या तासांचेच. छायाचित्रापुरते आलेल्यांना ते देता येत नाही.

१८. एक शेजारी मुळीच ऐकत नाहीत. त्यांच्या डब्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा का?

टाकू नये. चारचौघांत अपमान झालेला माणूस कचरा वेगळा करू लागत नाही, तो रात्री कोपऱ्यावर पिशवी टाकू लागतो. आधी कारण शोधावे. घरात एकच डबा आहे का, म्हातारी माणसे एकटी राहतात का, भाडेकरूंना वेळच कोणी सांगितलेली नाही का? अनेक घरांत डबा भरण्याचे आणि बाहेर ठेवण्याचे काम घरकामाला येणाऱ्या ताई करतात, आणि आपण मात्र मालकांशीच बोलत राहतो. तेव्हा त्यांच्याशी, त्यांच्या सवडीने, बसून बोलावे. त्या दिवसाकाठी पाच-सहा घरे करतात आणि एका ताईंना पटले की तेवढी घरे एकदम सुधारतात. एवढे करूनही कोणी दाद देत नसेल, तर सोसायटीच्या सभेत सर्वांसाठी एकच नियम करून घ्यावा आणि मिसळलेला कचरा दारातच परत ठेवण्याचा अधिकार कचरावेचक ताईंना लेखी द्यावा. त्यावर चेअरमन व सचिव यांची सही असावी, म्हणजे वादाची वेळ आली तर त्या एकट्या पडत नाहीत.

१९. बदली झाली किंवा वेळ मिळेनासा झाला तर मध्येच काम सोडता येते का?

अवश्य येते. फक्त महिनाभर आधी कळवावे आणि आपल्या इमारतीतील कचरावेचक ताईंशी, हौदाची काळजी घेणाऱ्या माळ्याशी आणि नव्या स्वयंसेवकाशी एकदा एकत्र भेट घडवून द्यावी. हौदाची वही, पाला कोठून येतो त्यांचे संपर्क आणि क्षेत्रीय कार्यालयात दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या नव्या व्यक्तीच्या हाती सोपवाव्यात.